उसवलेली बाही

मेहकरच्या बाजारात जुनी बोलवा आहे: कापड विरेल, पण रहेमतुल्लाची शिलाई उसवणार नाही. शाळेची चड्डी थोरल्याकडून मधल्याकडे जाते, मधल्याकडून धाकट्याकडे. रंग उडतो, बूड झिजतं, टाका मात्र जागचा हलत नाही. त्या टाक्याचा रहेमतुल्लाला अभिमान होता. त्याहून मोठा अभिमान होता लेकीचा, नाजिशचा.

नाजिश अठराची. गावाबाहेर जुन्या जिनिंगचं गोदाम आहे. जिथं कधीकाळी कापसाचे पांढरे डोंगर लागायचे, तिथं दहा मीटरवर कागदी निशाण लावून ती एअर रायफल शिकली. तिच्या शेजारी उभा राहायचा सुलतानपूरचा जीवन, भाजी विकणाऱ्या मंजुळाबाईचा मुलगा. एकाच गोदामातून निघालेली ही दोघं ताश्कंदला आशियाई ज्युनिअर स्पर्धेत मिश्र जोडी म्हणून उतरणार होती. एक मुलगी, एक मुलगा, दोघांचे गुण एकत्र. एक अडला की दुसराही अडला.

त्या सकाळी मंजुळाबाई मेथीची पाटी दुकानाच्या पायरीवर ठेवून आत येऊन बसली. रहेमतुल्लाने मोबाइल मशीनच्या चाकाला टेकवून ठेवला होता.

"मास्तर, आज मशीनले सुट्टी दिली वाटते?"

"आज शिवाले बसलो, तर एखाद्याच्या गळ्याले बाही लावून देईन."

"लावा की. तुमचा टाका उसवत तर नाही. जन्मभर तसाच हिंडन बिचारा."

पडद्यामागून राबिया, नाजिशची आई, हसली. तेवढ्यात फोन वाजला. मोबाइलवर नाजिशचा चेहरा आला, आणि तिच्या खांद्यामागे जीवनचा. घरात ही माणसं दखनी बोलत, पण जीवन शेजारी असला की नाजिशच्या तोंडी आपसूक वऱ्हाडी येई.

"अब्बा, बाहीत काय शिवलं तुम्ही?"

रहेमतुल्लाची नजर पडद्याकडे गेली.

"अब्बा, जॅकेट तपासणीत फेल झालं. अडीच मिलिमीटरच्या वर जाडी चालत नाही. उजव्या दंडावर मोजली तर दुप्पट भरली. पंच दाबून दाबून पाहून राह्यले, आत गोल गोल लागते म्हणतात. चाळीस मिनिटांत एकदाच परत दाखवता येते. नाही झालं पास, तर आमची जोडी बाद."

पडद्यामागची हालचाल थांबली. मग राबियाच बाहेर आली, पदराशी चाळा करत. "इमामजामीन आहे गं. मीच शिवायला लावलं."

घरातलं माणूस लांबच्या प्रवासाला निघालं की त्याच्या दंडाला कापडात गुंडाळलेलं नाणं बांधायचं, सुखरूप परतल्यावर ते दान करायचं, ही त्यांच्या घरची रीत. नाजिश निघताना म्हणाली होती, जॅकेटच्या आत टोचेल, अम्मी, नको बांधू. राबियाने तेव्हा मान डोलावली. पण बाहीचं अस्तर बदलायला जॅकेट दुकानातच होतं. रात्रभर कूस बदलणाऱ्या बायकोकडे बघून रहेमतुल्लाने हिरव्या कापडातला रुपया कॅनव्हास आणि अस्तराच्या मध्ये ठेवला आणि वरून शिवून टाकला. पोरीला सांगितलं नाही. तिला बाही जरा ताठ लागली, पण नवं अस्तर आहे, होईल अंगासारखं, असं ती समजली.

रहेमतुल्लाने मंजुळाबाईकडे पाहिलं. त्याच्या लेकीचं जे व्हायचं ते होईल, पण या बाईचा पोरगा काऊन अडावा? चार वर्षं सुलतानपूरहून पहिल्या बसने येऊन तो त्या गोदामात उभा राहिला होता.

"ताई, चूक माही आहे," तो म्हणाला.

मंजुळाबाई पुढं सरकली. फोनकडे वाकून ओरडली, "जीवन्या! तुह्या जॅकेटाच्या आत पाह्य रे बापा, मी कमळजामायचा अंगारा ठेवला हाये!"

"तो मी कवाच काढला, आई. पाकिटात हाये."

"असं? मले न इचारता काढला?"

"तू मले इचारून ठेवला होता का?"

एवढ्या धांदलीत नाजिशला हसू फुटलं, आणि तिचं हसू बघून रहेमतुल्लाला श्वास घेता आला.

"मी ब्लेड मारतो, चाचा," जीवन म्हणाला.

"खबरदार! ब्लेड नको. तो दोरा मी बाहीच्या मोठ्या शिवणीत गुंतवला आहे. वरून कापला तर बाही खांद्यापासून सुटन."

"मंग?"

"पाठीवरच्या नंबराची पिन काढ. बाही उलटी कर. काखेकडून मोज."

जीवनने बाही उलटी केली. रहेमतुल्ला बघू लागला, आणि नेमकं चित्र तिथंच गोठलं. पिन धरलेला हात, अर्धा अंगठा, बस. आवाज मात्र येत होता.

"अब्बा, दिसून राह्यलं का?"

"नाही," तो म्हणाला. मग त्याने खुंटीवरची गिऱ्हाइकाची शेरवानी ओढली, तिची बाही उलटी करून मांडीवर घेतली आणि डोळे मिटले. चाळीस वर्षं त्या बोटांनी टाके घातले होते. आज पहिल्यांदा ती बोटं उलटी चालली.

"काखेपासून चौथा टाका. बोटाले बारीक गाठीसारखं लागन."

"लागलं."

"तिथं पिन घाल. उचल. ओढू नको, उचल. आई गोधडीचा चुकलेला टाका काढते तसा."

"हाव, चाचा."

"आला का फासा?"

"आला."

"आता मागं चाल. एकेक फासा. घाई करशील तर दोरा रुसते."

बाहेर कुणी मेथीचा भाव विचारला. मंजुळाबाईने आतूनच हात जोडले, "घेऊन जा बापा, पाहिजे तेवढी घे." मग तिचे ओठ हलू लागले. जात्यावर बसल्यासारखी ती हळू पुटपुटली:

*सुई गेली पुढं पुढं, दोरा आला मागं मागं*
*लेक माही परमुलुखी, सुटू दे गं एक धागं*

जीवन पोरगा तिचा, पण ओवीत लेक आली. राबियाने ते ऐकलं आणि तिच्याजवळ येऊन बसली.

"निघाला!" नाजिश ओरडली. "रुपया निघाला, अब्बा! शिवण शाबूत हाये!"

रहेमतुल्लाने डोळे उघडले. मांडीवरच्या शेरवानीची बाही त्याने खरोखरच उसवून ठेवली होती.

"अम्मी," नाजिशचा आवाज हळू झाला, "आता हे कुठं ठेवू? परत येईपर्यंत दंडावरून सोडत नाहीत ना?"

राबिया फोनजवळ आली. "सुखरूप पोचलीस ना? मग त्याचं काम झालं. तू तुझं कर."

रुपया जीवनच्या पाकिटात गेला, अंगाऱ्याच्या पुडीशेजारी. वीस मिनिटांनी एकच शब्द आला: पास.

सकाळच्या फेरीत जोडी चौथी आली, म्हणजे कांस्यपदकाची लढत. दुपारी लढत मोबाइलवर दिसणार होती, दुकानात बसायला जागा नव्हती. दर खेपेला दोघांनी एकेक गोळी मारायची, बेरीज ज्या जोडीची जास्त तिला दोन गुण, बरोबरी झाली तर एकेक, आधी सोळा करील ती जिंकली. हे मंजुळाबाई आता साऱ्या गल्लीला समजावून सांगत होती.

"आणि ते दहा पॉइंट नऊ म्हणजे काय हो?" कुणीतरी विचारलं.

"म्हणजे वाटाण्याच्या मधोमध सुई," ती म्हणाली.

चौदा-चौदा झाले. कॅमेरा नाजिशवर आला. गाल रायफलीला टेकलेला, डावं कोपर कमरेच्या हाडावर, आणि उजवी बाही. अस्तराच्या तोंडाशी सुटलेला दोऱ्याचा इवलासा केस हलत होता. दुसऱ्या कुणाला तो दिसला नसेल. रहेमतुल्लाला फक्त तोच दिसत होता. मग तो केसही हलायचा थांबला. पोरीने श्वास अर्ध्यावर रोखून धरला होता.

नाजिश, दहा पॉइंट सहा. जीवन, दहा पॉइंट पाच. समोरच्या जोडीची बेरीज वीस पॉइंट आठ.

सोळा-चौदा.

गल्लीत असा गलका उठला, की वरची कबुतरं उडाली. रहेमतुल्ला उभा राहिला आणि परत बसला. राबिया मंजुळाबाईच्या गळ्यात पडली. कुणीतरी मागून म्हणालं, "सोनं नाही ना पण, कांस्यच."

मंजुळाबाई वळली. "कांस्य म्हणजे कासं ना बे? मंग भजनात टाळ कायचे असतात? सोन्याचा टाळ वाजवलेला पाह्यला कवा तू? नाद निघते तो काशातूनच."

आठवड्याने दोघं मेहकरच्या स्टँडवर उतरली. हारतुरे, ढोल, सगळं झालं. राबियाने तो रुपया आणखी रुपयांत मिसळला आणि गोदामात सराव करणाऱ्या पोरांना जिलेबी वाटली. संध्याकाळी नाजिशने जॅकेट वडिलांच्या मशीनवर आणून ठेवलं. बाहीचं अस्तर तसंच उघडं होतं.

"तिथं शिवून द्याले लोक होते, अब्बा. मी हात लावू दिला नाही."

रहेमतुल्लाने ती चार बोटांची उघडी जागा अंगठ्याने चाचपली. फासे एकेक करून सोडवलेले, कापडाला कुठं ओरखडा नाही. त्याने सुईत दोरा ओवला.

समोरच्या दुकानदाराने संधी साधली. "काय मास्तर, तुमची शिलाई उसवली म्हणे?"

"हाव, उसवली," रहेमतुल्ला मान वर न करता म्हणाला. आवाज असा, की पार बाजाराच्या टोकापर्यंत ऐकू जावा. "साऱ्या मेहकरात कोणाले जमली नाही. माह्या दोन लेकरांनी उसवली."