मोऱ्यात माणूस एक, मुलं दोनशे चाळीस

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, पण कीव करायची असेल तर दुसरीकडे जा. वाशीच्या एका कचेरीच्या अडगळीत मी पडलोय. अंगावर चिठ्ठी चिकटवलीय, ‘सदोष’. ती साफ खोटी आहे.

शहाऐंशी साली मी आलो तेव्हा काय थाट माझा! साहेबांना पंखा, मला एसी. लोक चपला बाहेर काढून माझ्या खोलीत येत.

काम होतं खाडीकाठच्या गावांची मोजणी. बायका घरोघर फिरून आकडे आणत, ऑपरेटर अरविंद ते माझ्यात भरी आणि मी तक्ता फ्लॉपीवर उतरवून मुंबईच्या कचेरीला देई. प्रत्येक रकान्यानंतर मी स्वल्पविराम टाकायचो. तिथला संगणक त्यावरूनच रकाने ओळखायचा. म्हणून मी आधी विचारायचो, आकड्यांच्या आतले स्वल्पविराम ठेवू की काढू? ठेवायचे तर आकडा फुटू नये म्हणून अवतरणचिन्हांत घालू का? अरविंद न वाचता एंटर दाबायचा. जयप्रकाश साहेबांना तर छापील तक्त्यात हजाराचा स्वल्पविराम हवाच असे, त्याशिवाय म्हणे आकडा भारदस्त दिसत नाही. तोच तसाच फ्लॉपीवरही जाई.

त्या वर्षी हजारावर वस्तीच्या गावाला दवाखाना मिळणार होता. आमच्या यादीत असं गाव एकच, मोरा. माणसं 1,240, त्यांत मुलं 310. मुंबईच्या संगणकाने मधला स्वल्पविराम पाहिला आणि तिथेच रकाना तोडला. मोऱ्यात माणूस एक, मुलं दोनशे चाळीस! तिकडे लोक पोट धरून हसले आणि मोऱ्याचं नाव कापलं. अरविंदने हात झटकले. साहेबांनी माझ्या फायलीवर शेरा मारला, ‘यंत्रदोष’. मी दोनदा विचारलं होतं हो!

मोरा मोजलं होतं उरणच्या जाहिदाने. तापाने फणफणलेली पोरं इंजेक्शनसाठी लाँचने मुंबईला नेताना तिने पाहिली होती. ती आपली वही घेऊन आली, चप्पल न काढता सरळ माझ्यासमोर.

अरविंदला म्हणाली, “मोऱ्याला एकच मानूस हाय, तर मी घराघरात चा कोनाच्या हातचा प्यायले?”

तिने त्याला तक्ता पुन्हा उतरवायला लावला. माझा प्रश्न पडद्यावर आला तशी त्याचं बोट धरून म्हणाली, “थांब. हे काय इचारतंय, ते आधी वाच.”

अरविंदने पहिल्यांदा वाचलं. त्याचे कान लाल झाले. मग त्याने ‘काढ’ म्हणून सांगितलं आणि मी 1240 सरळ लिहून दिलं. ती फ्लॉपी जाहिदा स्वतः मुंबईला घेऊन गेली. पुढच्या वर्षी मोऱ्याला दवाखाना उघडला.

शेरा मात्र कुणी खोडला नाही. एकोणनव्वदला नवा संगणक आला, साहेबांनी फाईल उघडली, ‘यंत्रदोष’ वाचलं आणि मला इथे ढकललं.

मित्रांनो, यंत्र काही विचारत असेल तर वाचून मग बटण दाबा. आणि माझी धूळ पुसू नका, राहू दे. तो शेरा पुसा. तुम्हाला धीर होत नसेल तर जाहिदाला बोलवा. ती चप्पल घालून येईल.