विमानाखालची चादर

विमलचा भाऊ सिलोनात नोकरीला होता. त्यानं बहिणीला तान्ह्या भाच्यासकट विमानानं सुट्टीला बोलावलं अन् मुरूम गावातल्या तिच्या सासरी एकच कालवा उठला. सासूबाई लक्ष्मीबाईंनी बजावलं, "आधी दात येऊ दे, जावळ होऊ दे. एवढुसं लेकरू आभाळात न्हेतेत व्हय?"

विमल उसळली. "अन् मागल्या जत्रेत नवस म्हणून ह्याला देवळाच्या माथ्यावरून खाली टाकायला लावलं, ते तुम्हीच ना, आत्याबाई?"

"तवा खाली चादर ताणून अख्खं गाव हुबं व्हतं. इमानाखाली कोन धरनार?"

विमलला हसू आवरेना. लक्ष्मीबाईंनी मात्र तरातरा जाऊन माजघरातून तीच चादर आणली, विमलच्या ट्रंकेत कोंबली अन् वर आपलं इरकली लुगडंही ठेवलं.

"पुढच्या म्हैन्यात जाऊ. एक टोक तू धर, एक म्या धरते."