निलम नवरी आहे

कुणी ‘काय बघू?’ असं विचारलं की भाविका लगेच मालिकेचं नाव सांगत नसे. आधी तिचेच प्रश्न सुरू व्हायचे. वेळ किती असतो? आवाज मोठा ठेवता येतो का? शेवट गोड नसला तर चालेल? आणि शेवटचं रडायला कशावरून आलं होतं? डहाणू ते तलासरी या पट्ट्यातल्या सव्वीस जणांचा व्हॉट्सॲपवर ग्रुप होता. सगळे जपानी ॲनिमेचे वेडे, आणि त्यातले निम्मे तरी भाविकाला विचारल्याशिवाय नव्या मालिकेला हात लावत नसत.

ही रीत तिने सासऱ्यांची उचलली होती. अण्णांची घोलवडला चिकूची वाडी. तोडलेला माल शेडमध्ये येऊन पडला की अण्णा फळाकडे बघायच्या आधी विचारत, गाडी कुठली? दिल्लीला जायचं तर टणक निवडायचं, मुंबईला जायचं तर थोडं पुढे गेलेलं चालतं, आणि बोटाने दाबल्यावर मऊ लागतंय ते घरी. खाणारा किती लांब आहे ते कळल्याशिवाय अण्णा एक चिकू खोक्यात टाकू देत नसत. मुरबाडहून सून होऊन आलेल्या भाविकाला त्या घरातलं हे सगळ्यात आधी पटलं.

जपानी नावं कुणाच्या जिभेवर टिकत नसत, म्हणून ग्रुपने आपलीच नावं ठेवली होती. भुतांचं गॅरेज, वल्हवणारी पोरं, चहावाली. चिंचणीचा सुनिल बंदरावर बर्फ फोडायचं काम करायचा, त्याला समुद्र असलेलं काही नको होतं. भाविकाने त्याला डोंगरात वाट चुकणाऱ्या टपालवाल्याची मालिका दिली. चार दिवसांत संपवून त्याने लिहिलं, शेवटच्या भागात डोळ्यात कचरा गेला. डहाणूचा मनिष अर्धवट थांबलेल्या मालिकांवर इतका चिडायचा की त्याच्यासाठी शेवट झालाय याची खात्री करूनच नाव सांगावं लागे.

आणि झरीची निलम. तिची उत्तरं दोन वर्षांपूर्वी आली होती, ती भाविकाला तोंडपाठ होती. वेळ वीस मिनिटं. आवाज बंद. मारामारी पाहिजे, रडारड नको. आई झोपली की बघते. आई कडक दिसतेय, असं भाविका मनात म्हणाली होती आणि तिने तलवारीच्या मालिका शोधून दिल्या होत्या, खाली अक्षरं येणाऱ्या. अशा अकरा झाल्या. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं. पण भाविकाची बारकी दुपारी झोपायची तेव्हाच निलमचीही आई झोपायची, त्यामुळे सगळ्या ग्रुपमध्ये दुपारच्या वेळी जाग्या असणाऱ्या या दोघीच. आज कुणाचं मुंडकं उडालं, एवढं जरी निलमने लिहिलं तरी भाविकाला कुणीतरी शेजारी बसल्यासारखं वाटे.

मग दीड महिना निलमचं काही आलं नाही. जानेवारीतल्या एका दुपारी आलं.

‘ताई, आता मी नवरीच आहे. लांबलचक काहीतरी सांगा.’

बारकी कडेवर होती आणि कुकरची तिसरी शिट्टी व्हायची होती. भाविकाने वाचलं आणि तिला इतका आनंद झाला की दोन वर्षांत पहिल्यांदा तिने एकही प्रश्न विचारला नाही. तिने थेट ग्रुपवर टाकलं, आपली निलम नवरी झाली. खाली लग्नाच्या पाच मालिका, एकेका ओळीत माहितीसकट. सगळे तुटून पडले. कुणी हळदीची तारीख विचारली. नवरा मालिका बघतो का, नसेल तर लग्न मोडा, असं मनिषने लिहिलं. सुनिलने फुलं पाठवली, ती स्क्रीनभर झाली. संध्याकाळी भाविकाने पाहिलं तर फुलांच्या खाली एक बारीक करडी ओळ होती, निलम ग्रुपमधून बाहेर पडली.

भाविकाने तिला दोन वेळा लिहिलं. सगळ्यांसमोर सांगायला नको होतं का? घरचे रागावले का? निलमने वाचलं, उत्तर दिलं नाही. प्रितेश म्हणाला, लग्नाची धांदल असेल, कुठे मनाला लावून घेतेस. नवऱ्याचं म्हणणं खोटं नव्हतं, पण दुपारी बारकी झोपली की भाविकाचा हात फोनकडे जायचा आणि तिथे काही नसायचं.

सोमवारी खोकी भरून तयार होती आणि ट्रक आला नव्हता. भाविका बायकांसाठी चहा घेऊन शेडमध्ये गेली, तर सगळ्या खोक्यांना टेकून बसलेल्या.

“ठेवा वहिनी,” संगिता म्हणाली. ती अण्णांकडे वीस वर्षं चिकू निवडत होती. “गाडी येईस्तोवर आम्ही नवरीच.”

भाविका हसली. म्हणाली, या वयात कसल्या नवऱ्या होता? बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि त्याही हसायला लागल्या. मग संगिताने लहान मुलाला समजवावं तसं सांगितलं, वहिनी, नवरी म्हणजे रिकामी. हाताला काम नाही ती. गुजरातीत म्हणतात, आमच्यातही म्हणतात, इथून पार तलासरीपर्यंत सगळे म्हणतात. तुमच्या मुरबाडला नसेल.

लग्नाला अडीच वर्षं झाली होती. त्यातले सात महिने बाळंतपणासाठी माहेरी गेलेले आणि घरात सगळे शुद्ध मराठी बोलणारे. शब्द कानावर पडलाही असेल, पण तिथे तिला लग्नातल्या नवरीचंच काही ऐकू आलं असेल. भाविकाने चहाची किटली खाली ठेवली आणि तिथेच उभी राहून जुने निरोप वर वर सरकवत गेली. आई झोपली की बघते. आईला औषध देऊन आले. आईला कुशीवर वळवायचंय, नंतर बोलू. दीड महिना काहीच नाही. आता मी नवरीच आहे.

संगिताने विचारलं, काय झालं? भाविकाने पदराने डोळे पुसले.

फोन निलमने उचलला नाही. गुरुवारी प्रितेश तलासरीकडे चिकूची कलमं पोचवायला निघाला, तेव्हा भाविका बारकीला घेऊन टेम्पोत बसली. झरीत घर विचारावं लागलं, पण फार नाही. सारवलेल्या पडवीत चोवीस-पंचवीस वर्षांची एक मुलगी वाल सोलत बसली होती. टेम्पोतून उतरणाऱ्या बाईकडे आणि तिच्या कडेवरच्या पोरीकडे बघून ती उठली.

“बारकी ना ही?” ती म्हणाली. बारकीच्या आईचं नाव तिने विचारलंच नाही.

आत जमिनीत खाटेच्या चार पायांचे चार खळगे होते. खाट नव्हती. तीन वर्षं ती तिथून हलली नव्हती, निलमने सांगितलं. कमरेखाली काही उरलं नव्हतं आईचं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेली.

भाविका घोकून आणलेलं सगळं विसरली. ती म्हणाली, “मला तो शब्द माहीत नव्हता. मला वाटलं तुझं लग्न ठरलं.”

“ते मला लगेच कळलं.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“सगळे फुलं पाठवत होते. तिथे आई गेली लिहिलं असतं तर सगळ्यांना लाज वाटली असती.” निलमने बारकीच्या हातात वालाची शेंग दिली. “तुमच्या त्या पाचातली एक बघितली मी. नवरी फार बोलते.”

भाविकाला हसू आलं आणि त्यापाठोपाठ दुसरंही आलं. निलम शेंगा सोलत राहिली. मग भाविकाने त्या दिवशी विचारायला हवे होते ते प्रश्न विचारले. वेळ किती आहे? सगळाच, निलम म्हणाली. आवाज? ठेवता येतो, पण सवय गेली, आवाज लावला की दचकायला होतं. मग ती म्हणाली, “आणि रडारड चालेल आता.”

भाविकाने नाव सांगितलं नाही. दोन दिवस दे, म्हणाली. अण्णांच्या शेडमध्ये असं मऊ लागणारं फळ वेगळं ठेवत, घाईने खोक्यात भरत नसत.

प्रितेशने बाहेरून हॉर्न दिला. निलम दारापर्यंत आली आणि तिथे तिने उलटं विचारलं.

“ताई, तुम्हाला वेळ किती असतो?”

“ही झोपली की चाळीस मिनिटं. कधी वीसच.”

“आवाज?”

“बंद.”

“मग एक आहे. माझी मीच शोधली होती, तुम्हाला सांगितली नाही. मी तिला म्हातारीची तलवार म्हणते. आईपण बघायची. आवाज नसला तरी तिला सगळं कळायचं.”

ग्रुपवर भाविकाने निलमला विचारूनच लिहिलं, जे घडलं ते सरळ, शब्दाच्या चुकीसकट. सुनिलने आपल्या फोनवरून फुलं पुसून टाकली. निलम ग्रुपवर परत आली नाही. एवढ्यात नको, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोन वाजून दहा मिनिटांनी बारकी झोपली. भाविकाने आवाज बंद करून पहिला भाग लावला. पांढऱ्या केसांची एक बाई म्यानातून तलवार काढायला इतका वेळ घेत होती, की पहिली चार मिनिटं त्यातच गेली. तेवढ्यात वर निरोप आला.

‘बघताय? नवरी आहात?’

बारकीने कूस बदलली. भाविका श्वास धरून थांबली, मग एका बोटाने लिहिलं.

‘नवरी आहे. वीस मिनिटं.’