माळेला हात लावून

२०१८ साल. पलूसला द्राक्षबागांच्या छाटण्या उरकून फवारण्या सुरू होत्या, आणि मनुबाईंच्या पायांना महिनाभर मुंग्या येत होत्या. मिरजेच्या डॉक्टरीणबाईंना दाखवायचं म्हणून त्या आदल्या दिवशी थोरल्या बहिणीकडे, आक्काताईंकडे उतरल्या. तव्यावर रत्नागिरीहून सकाळीच आलेला बांगडा होता. वडिलांच्या नोकरीपायी दोघींचं लहानपण तिकडेच गेलेलं. बारा वर्षं माळकरी असलेल्या मनुबाईंनी तुळशीची माळ काढून खुंटीला अडकवली.

"देव काय मिरजंत बघाया येतोय व्हय," आक्काताई हसल्या.

दुसऱ्या दिवशी लघवी तपासायला दिली. दोन-तीन दिवसांत समुद्राची मासळी खाल्ली का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. शेजारी मुलगा जयराज उभा होता. मनुबाईंनी गळ्यातल्या माळेला हात लावून नाही म्हटलं.

आठवड्याने अहवाल आला. लघवीत आर्सेनिक, म्हणजे सोमल, पुष्कळ होतं. घरात स्वयंपाक करायची ती सून दीपमाला, आणि बागेची औषधं कालवायची तीही तीच. भावकीत कुजबुज सुरू झाली. जयराज आईचं ताट चुलतीकडून आणू लागला. ते ताट पाहून दीपमालाने उंब्रजला, माहेरी जायला पिशवी भरली.

"आत्या, तुमी तरी सांगा की, मी तसलं करीन व्हय?"

खरं काय ते मनुबाईंच्या ओठांवर आलं होतं. त्या म्हणाल्या, "जपून जा."

पोलिसांत कळवण्याआधी खात्री करावी म्हणून डॉक्टरीणबाईंनी तोच नमुना पुण्याला पाठवला होता. तिथला अहवाल आल्यावर मायलेकांना समोर बसवून त्यांनी समजावलं. आर्सेनिक सगळं सारखं नसतं. बारीक नळीतून लघवी सोडली की त्याची रूपं एकामागून एक सुटी होऊन बाहेर पडतात. पुढचं यंत्र वजनावरून आर्सेनिक ओळखतं आणि कुठलं रूप किती ते मोजतं. इथं विषारी रूप नावालाच होतं. बाकी सगळं समुद्री मासळीतून येणारं, निरुपद्रवी. मुंग्या बी-बारा कमी पडल्याच्या.

यंत्र चुकलं असेल, आई माळकरी आहे, असं जयराज म्हणाला.

"यंत्र न्हाई चुकलं, बाळा," मनुबाई खाली बघत म्हणाल्या. "मी खाल्ला."

दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच एस.टी.ने उंब्रजला गेल्या आणि विहीणबाईंच्या ओसरीवर चार माणसांदेखत सगळं सांगितलं. दीपमालाने ऐकून घेतलं.

"मासा खाल्ल्याचं काय न्हाई, आत्या. पर ते दुसरं ताट यायचं, आन् तुमी गप जेवायच्या."

दीपमाला संक्रांतीला परत आली. औषधं आता जयराज कालवतो. त्या चुलतीच्या दारात तो पुन्हा गेला नाही. आक्काताई दोन वर्षांनी वारल्या. मनुबाईंच्या मुंग्या इंजेक्शनांनी गेल्या. माळ त्यांनी देव्हाऱ्यात ठेवली ती ठेवलीच, आणि मासळीही पुन्हा खाल्ली नाही. दीपमाला रोज ताट वाढते. पहिला घास घेताना मनुबाईंची मान अजून वर होत नाही.