मुखवटेवाल्याचे कापलेले तुकडे

माझा आजा चुन्नीलाल कामठ्याच्या बाजारात तंबू ठोकून सिनेमा दाखवायचा. मुखवटा घातलेल्या वीराची मालिका होती, दर बाजाराला एक भाग. भाग संपताना वीर कधी दरीत कोसळायचा, कधी आगीत सापडायचा. पुढच्या भागाच्या आरंभी तो कसा वाचला ते यायचं. आजा नेमका तेवढाच तुकडा कापायचा. गावच्या बाया त्या वीरासाठी घरी, मेल्या माणसाला लावतात तसा, पिठावर दिवा लावायच्या. आणि पुढच्या बाजाराला हा बाबा पडद्यावर हजर!

"आजा, असा खेळखंडोबा काऊन केला?" मी चिडून विचारलं. त्यानं तुकड्यांचा डबा माझ्यापुढे सरकवला. मग मीच ते तुकडे जोडले आणि भरदुपारी धानाच्या गोदामात, खिडक्यांना पोती लावून, आजाला खुर्चीत बसवून, त्याच्याच जुन्या मशीनवर भिंतीवर चालवले.

वीर वाचतच नव्हता. प्रत्येक तुकड्यात खरोखर मरायचा. मुखवटा गवतात पडायचा आणि कुणीतरी येऊन तो तोंडावर चढवायचं. आधी एक बुटका आला, मग एक लंगडा. दर वेळी वेगळाच माणूस.

"लोकाईले कायले सांगू?" आजा म्हणाला. "त्याईले वाटे, तोच हाय."

शेवटच्या तुकड्यात मात्र कुणीच आलं नाही. रीळ संपलं, भिंत पांढरी झाली, तरी मुखवटा भिंतीवर तसाच पडलेला दिसत होता.

मी मशीनकडे धावले. आजा खुर्चीतून उठला. नव्वदीच्या माणसाला काठीसुद्धा लागली नाही.

"बंद नोको करू, ओमेश्वरी," भिंतीकडे जाता जाता तो म्हणाला. "अन् माह्यासाठी दिवा लावजो नोको."