हाती काहीतरी ठेव

“अहो बाई, एक ओळ लिहा आणि ती तपासणी बंद करून टाका की! आभाळ कोसळणार नाही.” साहेब तिच्या खुर्चीमागे उभे राहून म्हणाले.

“बंद करता येते, साहेब. म्हणूनच भीती वाटते.”

ऑफिसात तिला कीसबाई म्हणत. इतरांनी लिहिलेला प्रोग्राम सिद्धता तपासणाऱ्या सॉफ्टवेअरपुढे मांडायचा आणि तो गणिताने खरा ठरतो का ते बघायचं, हे काम ती बावीस वर्षं करत होती. ते सॉफ्टवेअर महाखवट. नवरा म्हणायचा, तुमची पत्रिका छान जुळली. तिलाही ते पटायचं.

आजचा प्रोग्राम रुग्णाच्या खाटेजवळच्या नाडीयंत्राचा होता. बोटाला चिमटा लावला की पडद्यावर ठोक्यांचा आकडा येतो. हे काम कधी संपत नाही. त्यातलं फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा एक तुकडा, एक आकडा देतं आणि पुढच्यासाठी स्वतःलाच पुन्हा बोलावतं. अशा न संपणाऱ्या फंक्शनला सॉफ्टवेअरची एकच अट असते: पुढच्या फेरीला जाण्याआधी हाती काहीतरी ठेव. साहेबांना बंद करून हवी होती ती हीच तपासणी. इथे मात्र खराब आकडे गाळून टाकले जात होते. खराबच येत राहिले तर ते नुसतं गाळत बसणार आणि हाती काहीच ठेवणार नाही. म्हणून सॉफ्टवेअरने सकाळपासून नन्नाचा पाढा लावला होता.

ही गाळणी गेल्या वर्षी तिनेच सुचवली होती, पडदा फार लुकलुकतो अशी तक्रार आली म्हणून. तेव्हा तपासायला वेळ नव्हता. साहेब ते विसरले होते. ती विसरली नव्हती, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

“सलग खराब आकडे येतात कुठे?” साहेब म्हणाले. “उद्या यंत्रं पाठवायचीत. तुमच्या एका सहीसाठी सगळं अडलंय.”

“बोट द्या.”

तिने टेबलावरच्या यंत्राचा चिमटा त्यांच्या बोटाला लावला. पडद्यावर आलं, शहात्तर. मग तिने चिमटा काढून टेबलावर ठेवला. मिनिट गेलं. नवा आकडा येईना, जुना शहात्तरच.

“हे ठोके कुणाचे, साहेब? टेबलाचे?”

साहेब हसले नाहीत.

“चूक माझी आहे,” ती म्हणाली. “दोन दिवस द्या. मग दर फेरीला यंत्र आकडा तरी देईल, नाहीतर ‘ठोका मिळाला नाही’ असं तरी सांगेल. तोवर मी सही करणार नाही. नोकरी गेली तरी चालेल.”

“गेल्या वर्षी पाठवलेल्या यंत्रांतही हेच आहे?”

“हो. सगळ्या दवाखान्यांना आजच कळवायला हवं. पत्रावर माझं नाव घाला.”

साहेबांचे वडील सोमवारपासून दवाखान्यात होते. त्यांच्या उशाशी कंपनीचंच यंत्र होतं. साहेबांनीच ते कौतुकाने लावून घेतलं होतं. त्यांनी मोबाइल काढला. नंबर लावताना दोनदा चुकले.

“सिस्टर, बाबांकडे जाता का जरा? नाही, आकडा नका सांगू. त्यांना हाक मारा. ओ देतात का, तेवढंच बघा.”

पलीकडे पावलांचा आवाज दूर जात राहिला. बाईंनी आपली खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. ते बसले नाहीत.