तोकुजींच्या अस्थी

तोकुजी म्हाताऱ्याने जावयाला इतक्या वर्षांत एकदाही नावाने हाक मारली नाही. "गायजिन-सान, जरा पाठ चोळ." "गायजिन-सान, बंदरावर बांगडा आलाय का बघून ये." गायजिन म्हणजे जपानीत बाहेरचा माणूस; त्यापुढे 'सान' लागले की तो बाहेरचा राहूनच आदरणीय होतो. त्या हाकेत अपमान होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल, आणि नव्हता असे म्हणणे खोटेपणाचे. जॉर्जियातून आलेला लेवान मात्र तिला बिनतक्रार ओ देत राहिला. अर्धांगाने अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याला त्यानेच न्हाऊ घातले, त्यानेच भरवले.

म्हणूनच दहनगृहात उभ्या असलेल्या किनुयोच्या मनात एकच इच्छा होती: वडिलांचे एक तरी हाड आपल्या नवऱ्याच्या हातून कलशात जावे.

भट्टीतून अस्थींचे तबक बाहेर आले. रीत अशी की दोघांनी मिळून, आपापल्या चॉपस्टिक्सनी, एकच हाड उचलायचे. आरंभ पायांपासून करायचा, म्हणजे गेलेला माणूस कलशात उलटा होत नाही. सेवकाने जोड्या करण्यास सांगितले. लेवान पुढे सरकला, तोच तोकुजींचे धाकटे भाऊ शिगेझो यांनी त्याच्या दंडावर हात ठेवला.

"गायजिन-सान, तुम्ही जरा बाजूला व्हा. हे आमच्या आमच्यातलं आहे. वाईट वाटून घेऊ नका हं."

"काका, मला येतं," लेवान हळूच म्हणाला.

"येतं की! भात तर आमच्यापेक्षा झकास खाता. पण हाड निसटलं तर दादाला काय वाटेल?"

किनुयोने धीर केला. "काका, बाबांचं सगळं लेवाननंच केलं."

"कोण नाही म्हणतंय, पोरी? अख्खा गाव नावाजतो. बाहेरचा असून केवढं केलं, म्हणून!"

निंदेला उत्तर देता येते. या स्तुतीला नाही. किनुयोने काकांबरोबर हाडे उचलली. कंठाचे शेवटचे हाडही काकांबरोबरच उचलले. लेवान सर्वांचे कोट सांभाळत भिंतीशी उभा होता.

नंतर सगळे जेवायला बसले. एकाच्या चॉपस्टिक्समधून दुसऱ्याच्या चॉपस्टिक्समध्ये घास द्यायचा नाही, तसे फक्त अस्थींचे होते, हा या घरातला पहिला धडा खुद्द तोकुजींनीच लेवानला दिला होता. त्याच लेवानने आता तोफूचा तुकडा उचलला, समोर बसलेल्या किनुयोच्या चॉपस्टिक्सच्या टोकापाशी नेला आणि तसाच धरून ठेवला.

"बघा!" काकू कुजबुजली. "एवढी वर्षं झाली, तरी गायजिन तो गायजिनच. अगं, सांग ना त्याला!"

तो विसरला नव्हता, हे त्या पंक्तीत एकट्या किनुयोला ठाऊक होते. मघाच्या हाडासारखी तुकड्याची दुसरी बाजू धरायची, इतकेच करायचे होते. तिच्या चॉपस्टिक्स वाडग्याच्या काठापर्यंत उचलल्याही गेल्या. मग काकांचा चेहरा दिसला, आणि तिच्या डाव्या हाताने ताटली पुढे सरकवली.

लेवानने तुकडा ताटलीत अलगद ठेवला.

"शाब्बास, गायजिन-सान!" काका खूश झाले. "अस्सं ठेवायचं."

"हो, काका."

पानात अन्न टाकायची त्या घराची रीत नव्हती. किनुयोने तो तुकडा मान खाली घालून खाल्ला.